वीतभर प्लाझ्मा आणि तीन किलोमीटरचा बोगदा

घरात कुणाला रक्तदाब असेल तर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन ही नावं तुमच्या ओळखीची असतील. रोज न चुकता घेतली जाणारी ही गोळी शरीरात जाऊन नेमकं काय करते? पेशीच्या पातळ आवरणात रुतून बसलेलं एक प्रथिन असतं, त्याला एटी-१ रिसेप्टर म्हणतात. अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक येऊन त्याच्या खोबणीत बसलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. गोळीतला रेणू ती खोबण आधीच अडवून ठेवतो, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी.

गंमत अशी, की या गोळ्या बाजारात आल्या नव्वदच्या दशकात आणि त्यांनी अडवलेली जागा अणूअणूनिशी कशी दिसते ते कळलं २०१५ मध्ये. म्हणजे कुलूप न पाहताच किल्ली तयार झाली होती. औषधशास्त्रात असं खूपदा होतं. त्यामुळे मी पुढे ज्या यंत्राबद्दल लिहिणार आहे, त्याने रक्तदाबाचं औषध शोधलं, असा कुणी समज करून घेऊ नये. त्याने कुलूप दाखवलं. पुढची किल्ली चाचपडत न घडवता पाहून घडवता यावी, एवढी त्याची कामगिरी. ती मला पुष्कळ मोठी वाटते.

हे यंत्र म्हणजे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेतला क्ष-किरणांचा मुक्त इलेक्ट्रॉन लेसर. २००९ च्या एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा उजळला. त्याची गरज का पडली ते आधी पाहू. प्रथिनाची रचना पाहायची तर त्याचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि विखुरलेल्या किरणांच्या नक्षीवरून अणूंच्या जागा काढायच्या, ही शंभर वर्षांची वहिवाट. पण पेशीच्या आवरणातली प्रथिनं हट्टी असतात, त्यांचे मोठे स्फटिक होता होत नाहीत. बारीक स्फटिकावर पुरेसे किरण टाकावेत तर नक्षी उमटण्याआधी तो जळून जातो. २००० साली स्वीडनमधल्या यानोश हायदू यांच्या गटाने हिशेब मांडला, की किरणांचा झोत पुरेसा आखूड असेल, काही फेम्टोसेकंदांचा, तर स्फटिक फुटेल खरा, पण फुटण्याआधीच किरण नक्षी घेऊन बाहेर पडलेले असतील. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार अब्जावा भाग आणि त्याचाही हजारावा. एका सेकंदाच्या तुलनेत फेम्टोसेकंद जेवढा, तेवढाच तीन कोटी वर्षांच्या तुलनेत एक सेकंद. २०११ मध्ये हे प्रत्यक्षात करून दाखवलं गेलं. तेव्हापासून सूक्ष्म स्फटिकांची धार लेसरच्या वाटेत सोडायची, प्रत्येक स्फटिक एकदाच मारा खाऊन नष्ट होणार, आणि हजारो नक्ष्या जुळवून एक चित्र उभं करायचं, ही पद्धत रूढ झाली.

आता हा लेसर चालतो कसा ते पाहू. यातलं भौतिकशास्त्र इतकं देखणं आहे की ते दोन ओळींत गुंडाळायला माझं मन धजत नाही.

नेहमीच्या लेसरमध्ये इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला असतो. तो वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो आणि प्रकाश देतो. प्रकाशाचा रंग त्या पायऱ्यांच्या अंतरावर ठरतो, आपल्या इच्छेवर नाही. मुक्त इलेक्ट्रॉन लेसरमध्ये अणू नाहीच. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेला इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकांच्या लांबलचक रांगेतून सोडतात. चुंबकांचे ध्रुव आलटून पालटून मांडलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन नागमोडी चालीने जातात. विद्युतभार वळला की प्रकाश टाकतो, हा निसर्गाचा नियम. अशा रांगेला अन्ड्युलेटर म्हणतात. १९७१ मध्ये जॉन मेडी यांनी ही कल्पना लेसर म्हणून मांडली आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डलाच ती अवरक्त किरणांत साकारली.

स्टॅनफर्डच्या क्ष-किरण यंत्रात चुंबकांची एक जोडी तीन सेंटिमीटरमध्ये बसते. मग तीन सेंटिमीटरच्या नागमोडीतून अणूएवढ्या तरंगलांबीचे किरण कसे निघतात? इथे आइन्स्टाइन मदतीला येतो, तोही दोनदा. इतक्या वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या नजरेतून समोरची चुंबकांची रांग आकसलेली असते. तीन सेंटिमीटरचे होतात काही मायक्रोमीटर. तेवढ्या लांबीचा प्रकाश तो टाकतो. पण तो इलेक्ट्रॉन आपल्याच दिशेने धावत येतो आहे, म्हणून आपल्यापर्यंत येताना त्या लाटा पुन्हा दाबल्या जातात. फलाटाकडे येणाऱ्या गाडीचा भोंगा चिरका वाटतो, तसंच काहीसं, पण इथे वीसएक हजार पटींनी. शेवटी हाती येते ती दीड अँगस्ट्रॉमची तरंगलांबी. कार्बनच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतरही जवळपास तेवढंच. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमीजास्त करा, रंग बदलतो. पायऱ्यांची सक्ती नाही.

एवढ्याने झाला तो फक्त तेजस्वी प्रकाश, लेसर नव्हे. झोतात अब्जावधी इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक जण आपल्या मर्जीने प्रकाश टाकतो. गणपतीतल्या ढोल पथकाची कल्पना करा. शंभर ढोल बेताल वाजले तर नुसता गोंगाट. ते एका ठेक्यावर आले की छाती दणाणते. लाटांचं गणित सांगतं, की शंभर स्रोत सुटे वाजले तर तीव्रता शंभर पट होते, ठेक्यात वाजले तर दहा हजार पट. पण पथकाला प्रमुख असतो. इलेक्ट्रॉनांना ठेका कोण देतो? त्यांचाच प्रकाश. मागच्या इलेक्ट्रॉनने टाकलेला प्रकाश पुढच्यांना गाठतो, काहींना किंचित पुढे लोटतो, काहींना मागे ओढतो. नागमोडी वाटेने जाता जाता झोताचे पातळ काप पडू लागतात, एकेका तरंगलांबीच्या अंतरावर. काप पडले की प्रकाश वाढतो, प्रकाश वाढला की काप आणखी रेखीव होतात. गोंगाटातून आपोआप ठेका जन्मतो. त्यासाठी चुंबकांची रांग मात्र भरपूर लांब लागते. स्टॅनफर्डला ती शंभर मीटरहून लांब आहे.

आणि हे सगळं सुरू होण्याआधी इलेक्ट्रॉन तेवढ्या वेगाला न्यायचे असतात. खरा खर्च तिथे आहे. जर्मनीतला युरोपियन एक्सफेल हॅम्बुर्गपासून शेनेफेल्ड गावापर्यंत जमिनीखालून ३.४ किलोमीटर जातो. २०१७ मध्ये तो संशोधकांसाठी खुला झाला. २००५ च्या दराने हिशेब केला तर बांधणीला १२२ कोटी युरो लागले. त्याच्या अतिवाहक पोकळ्यांतून इलेक्ट्रॉनला मीटरमागे साधारण अडीच कोटी व्होल्टचा रेटा मिळतो. याहून फार पुढे जाता येत नाही. तांब्याच्या पोकळ्यांत थोडा अधिक जोर लावता येतो, पण तिथे ठिणग्या पडून धातू खराब होतो. इलेक्ट्रॉनला १,७५० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत न्यायचं तर बोगदा लांबच हवा. म्हणून असे क्ष-किरण लेसर जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत: अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी, स्वित्झर्लंड. चीननेही शांघायला स्वतःच्या मोठ्या बोगद्याचं काम हाती घेतलं.

आता प्लाझ्माकडे येऊ. ठिणगी पडली तर धातू मोडतो. मग जे आधीच मोडलेलं आहे त्यातूनच इलेक्ट्रॉन पळवले तर? प्लाझ्मा म्हणजे असा वायू, ज्याचे अणू आधीच फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन वेगळे झालेले आहेत. त्यात आणखी मोडण्यासारखं काही उरलेलं नाही. १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी सुचवलं, की अत्यंत आखूड आणि तीव्र लेसर-स्पंद प्लाझ्मातून सोडा. तो हलके इलेक्ट्रॉन बाजूला ढकलेल, जड आयन जागीच राहतील. बाजूला गेलेले इलेक्ट्रॉन आयनांच्या ओढीने परत फिरतील आणि स्पंदाच्या मागे विद्युतक्षेत्राची लाट उठेल. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागे पाणी कसं उसळतं ते आठवा. त्या लाटेवर योग्य जागी स्वार झालेला इलेक्ट्रॉन लाटेबरोबर धावत वेग घेतो. लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचाच एक झोत पुढे सोडला तरी मागे अशीच लाट उठते.

कल्पना आली तेव्हा तसा लेसरच नव्हता. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी स्पंद आधी ताणून, मग वाढवून, शेवटी दाबण्याची युक्ती काढली (२०१८ चं नोबेल त्यासाठीच) आणि वाट मोकळी झाली. अशा मोठ्या लेसरच्या एका स्पंदात ऊर्जा किती असते म्हणाल, तर चार-पाच जूल. अर्धा किलो साखरेची पुडी मीटरभर उचलायला लागते तेवढीच. पण ती पंचवीस-तीस फेम्टोसेकंदांत खर्च होते, म्हणून तेवढ्या क्षणापुरती तिची शक्ती शंभर टेरावॅटच्या वर जाते.

या कथेत वाईचा एक धागा आहे. प्लाझ्मा वेगवर्धनाच्या प्रयोगांतलं मोठं नाव म्हणजे चंद्रशेखर जोशी. जन्म १९५३ चा, वाईचा. इंग्लंडमध्ये शिकून ते लॉस एंजेलिसच्या त्याच विद्यापीठात गेले. प्लाझ्माच्या लाटेवर बाहेरून सोडलेले इलेक्ट्रॉन खरोखर वेग घेतात, हे त्यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं. २००७ मध्ये त्यांनी आणि स्लॅकच्या शास्त्रज्ञांनी मिळून जे केलं त्याचं मला अजूनही नवल वाटतं. स्लॅकच्या तीन किलोमीटरच्या यंत्राने इलेक्ट्रॉनांना ४,२०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट दिले होते. पुढे ठेवलेल्या ८५ सेंटिमीटर प्लाझ्माने झोतातल्या काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जवळपास दुप्पट केली. तीन किलोमीटरची कमाई एका हाताच्या अंतरात. जोशींना २००६ चं मॅक्सवेल पारितोषिक मिळालं, ते प्लाझ्मा भौतिकीतल्या मानाच्या पारितोषिकांपैकी एक. (वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचंही गाव. विश्वकोशाने प्लाझ्माला 'आयनद्रायू' असा शब्द दिला. अर्थाने चोख, पण रुळला नाही.)

लेसरच्या बाजूनेही आकडे चढत गेले. २००४ मध्ये इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी जवळजवळ एकसारख्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळवले. त्याआधी लाटेतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन म्हणजे जत्रेतली गर्दी असायची. २०१९ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेने २० सेंटिमीटरमध्ये ७८० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट गाठल्याचं जाहीर केलं. वीतभर नळी! मीटरमागचा रेटा बोगद्यातल्या पोकळ्यांच्या हजार पटींहून जास्त.

मग लेसर झाला का? झाला. २०२१ च्या जुलैमध्ये शांघायच्या गटाने प्लाझ्मातून निघालेले ४९ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन अन्ड्युलेटरमधून नेले आणि २७ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील पट्ट्याच्या पार टोकाला, प्रकाश लेसरसारखा वाढत गेल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी इटलीत फ्रास्कातीला इलेक्ट्रॉन-झोताने उठवलेल्या लाटेवर अवरक्त किरणांत तेच घडलं. ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच आणि जर्मन गटांनी मिळून २७० नॅनोमीटरवर केलं.

यावर 'टेबलावर मावणारा क्ष-किरण लेसर', 'आता इस्पितळात अणूंचे फोटो' अशा बातम्या येतात. या सदराच्या वाचकांनी त्यांवर विश्वास ठेवू नये, अशी माझी विनंती आहे. वीतभर असते ती फक्त प्लाझ्माची नळी. तिला पेटवणारा लेसर, त्याची निर्वात पात्रं, आरसे, थंड ठेवण्याची सोय, किरणांपासून बचावाच्या जाड भिंती आणि पुढची चुंबकांची रांग धरली तर प्रकरण मोठ्या हॉलचं होतं. हॉल हा बोगद्याच्या मानाने फारच छोटा, हे खरं. पण टेबल नव्हे.

दुसरी गोष्ट दर्जाची. चुंबकांच्या रांगेत काप पडायचे तर झोतातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत हजारात एखाद्या भागाएवढाच फरक खपतो. प्लाझ्मात तो सहज शंभरात एक किंवा त्याहून जास्त असतो. शांघायच्या गटाचं खरं कौतुक आहे ते हा फरक अर्ध्या टक्क्यापर्यंत आणण्याचं. प्रत्येक स्पंदागणिक ऊर्जा आणि दिशा थोडी बदलते ती वेगळीच. आणि २७ नॅनोमीटर म्हणजे २७० अँगस्ट्रॉम. अणू पाहायला एक-दीड अँगस्ट्रॉम लागतो. अजून जवळपास दोनशे पट खाली उतरायचं आहे, आणि खाली उतरताना झोताच्या दर्जाची अट आणखी कडक होत जाते.

तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. ती म्हणजे दर सेकंदाला किती स्पंद मिळतात. युरोपियन एक्सफेल सेकंदाला २७,००० स्पंद देऊ शकतो. स्टॅनफर्डचं नवं, २०२३ मध्ये सुरू झालेलं यंत्र दहा लाखांपर्यंत जाण्यासाठी घडवलंय. शंभर टेरावॅटच्या घरातले लेसर सेकंदाला एक, पाच, फार तर दहा स्पंद देतात. एक हिशेब करू. समजा एका प्रथिनासाठी २०,००० चांगल्या नक्ष्या हव्यात आणि वीस स्पंदांतून एखादाच स्फटिकावर बसतो. म्हणजे चार लाख स्पंद. सेकंदाला एक या दराने साडेचार दिवसांहून जास्त वेळ अहोरात्र, न अडखळता. हॅम्बुर्गला तेच काम काही मिनिटांचं.

मग या सगळ्यात आपण पडावं का? माझं उत्तर हो असं आहे. पण त्याआधी दोन आक्षेप, दोन्ही वजनदार.

पहिला माझ्या एका डॉक्टर मित्राचा. तालुक्याच्या गावी त्याची प्रॅक्टिस आहे. मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो, तर तो म्हणाला, "अरे, आमच्याकडचं साधं एक्स-रे मशीन महिनाभर बंद आहे. टीबीचा संशय आला की पेशंटला जिल्ह्याला पाठवतो. निम्मे जातच नाहीत. आणि तू मला फेम्टोसेकंद सांगतोस?" मी गप्प बसलो. त्याचं म्हणणं खोडण्यासारखं नाही आणि मी ते खोडणारही नाही. पण ते बंद यंत्र आणि हा लेसर एकाच पैशासाठी भांडत आहेत, हे मला मान्य नाही. एक्स-रे यंत्र बंद राहतं ते देखभालीच्या करारामुळे, रिक्त पदांमुळे, सुट्या भागांच्या फायलींमुळे. विज्ञानाचा एक प्रकल्प रद्द केल्याने ती फाइल पुढे सरकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय टीबीचंच उदाहरण घ्या. क्षयाच्या जंतूकडे ब्लॅक-सी नावाचं एक विकर आहे, ते अनेक प्रतिजैविकांना तोडून निकामी करतं. २०१८ मध्ये संशोधकांनी स्टॅनफर्डच्या लेसरवर या विकराचे सूक्ष्म स्फटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकात मिसळले आणि ३० मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत टप्प्याटप्प्याने चित्रं घेतली. औषध आत कसं शिरतं आणि कुठे तुटतं, ते पाहता आलं. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशाला या चित्रफितीत रस असायला हवा.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचाच. प्रथिनांची रचना पाहायला आता गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी आहे, तिला २०१७ चं नोबेल मिळालं. संगणकावर रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डला २०२४ चं. मग क्ष-किरण लेसर कशाला? स्थिर रचनेपुरतं पाहिलं तर हा आक्षेप मला पटतो. नुसता फोटो हवा असेल तर आज पुष्कळदा त्याहून स्वस्त वाटा आहेत, आणि पंधरा वर्षांपूर्वी या लेसरच्या समर्थनार्थ केलेले काही युक्तिवाद आता जुने झालेत. उरतं ते चालतं चित्र. विकर औषध तोडतंय, पान प्रकाशात पाणी फोडतंय, डोळ्यातलं प्रथिन प्रकाश पडताच वाकतंय. गोठवलेल्या नमुन्यात ही हालचाल सहज पकडता येत नाही. संगणकाला ती शिकवायची तरी आधी कुणीतरी पाहायला हवी.

भारतात आज काय आहे? इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २५० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन आहे. त्याच आवारात अवरक्त किरणांचा मुक्त इलेक्ट्रॉन लेसर इथल्याच लोकांनी उभा केला, आणि शक्तिशाली लेसरने प्लाझ्मातून इलेक्ट्रॉन पळवण्याचे प्रयोगही तिथे झालेत. दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्रात टेराहर्ट्झ किरणांच्या मुक्त इलेक्ट्रॉन लेसरचं काम आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीव्र लेसर आणि प्लाझ्मावर कित्येक वर्षांचं काम आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेची सैद्धांतिक परंपरा जगाला माहीत आहे. क्ष-किरण लेसर मात्र नाही. युरोपियन एक्सफेलच्या भागीदार देशांतही आपण नाही. आपले संशोधक वेळ मागून परदेशी यंत्रांवर जातात.

तीन किलोमीटरचा बोगदा आपण आज खणावा असं मला वाटत नाही. पैसा नाही म्हणून नव्हे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा मोठं विज्ञान आपल्याला वर्ज्य नाही. अडचण ही, की आज सुरू केलेला बोगदा पुरा होईपर्यंत इतर देश पुढच्या पिढीच्या यंत्रावर असतील. वर्तुळाकार यंत्रांच्या बाबतीत आपण हा उशीर एकदा भोगलाय. प्लाझ्माच्या वाटेवर मात्र अजून कुणीच फार पुढे गेलेलं नाही. सगळे जण ऊर्जेतला फरक, स्थैर्य आणि स्पंदांचा दर याच तीन खिळ्यांवर अडकलेत. अशा वेळी मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेलाही शिरकाव मिळतो. शांघायच्या निकालाने हेच दाखवलं, तो काही बोगद्यातून आलेला नाही.

हे करायचं तर तीन विद्या एकत्र याव्या लागतात: लेसर, प्लाझ्मा आणि वेगवर्धक. इंदूर, कुलाबा आणि गांधीनगर, तिन्ही संस्था एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत. तरीही या तिघींचा, 'प्लाझ्मातून निघालेल्या झोताने लेसर उजळवायचा' एवढ्या एकाच उद्दिष्टाचा, तारीख ठरवलेला जाहीर प्रकल्प नाही. तो असावा. पहिलं लक्ष्य अँगस्ट्रॉमचं ठेवून पत्रकार परिषद घेऊ नये. काहीशे नॅनोमीटरवर, ड्रेस्डेनच्या आसपास, इथल्या चुंबकांनी आणि इथल्या झोताने प्रकाश वाढलेला दिसला तरी पहिली पाच वर्षं सार्थकी लागली म्हणेन. त्या वाटेत तयार होणारे झोत इतरत्रही उपयोगी पडतात. प्लाझ्माच्या बुडबुड्यातच इलेक्ट्रॉन आयनांच्या ओढीने मागेपुढे डुलतात आणि चुंबकांशिवाय क्ष-किरण टाकतात. ते लेसरसारखे ठेक्यात नसतात, पण इतक्या बारीक बिंदूतून निघतात की हाडाची जाळी किंवा मऊ ऊतींच्या कडा स्पष्ट दिसू शकतात. याच बुडबुड्याला अन्ड्युलेटर म्हणून वापरून लेसर करता येईल, असं डॉसन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच मांडलं होतं. ते अजून कुणालाच जमलेलं नाही.

तोवर जीवशास्त्रज्ञांना हॅम्बुर्ग, पोहांग, स्टॅनफर्डच्या यंत्रांवर नियमित पाठवण्यासाठी राखीव निधी हवा. यंत्र आलं आणि त्यासमोर स्फटिकांची धार सोडता येणारं कुणी नसलं, तर काय उपयोग? हे कौशल्य दोन आठवड्यांच्या कार्यशाळेत येत नाही. एखाद्या मुलीने पीएचडीची तीन वर्षं त्यात घातली, चार वेळा जाऊन हात हलवत परतली, पाचव्यांदा नक्षी मिळाली, की मग ती दुसऱ्या चौघांना शिकवते.

डॉक्टर मित्राला हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. तो म्हणाला, "ठीक आहे, त्या ब्लॅक-सीचं पुढे काय झालं ते मला कळव." त्याचं एक्स-रे मशीन गेल्या आठवड्यात सुरू झालं.